उडणारं आणि उरणारं: बेल्जियमच्या बिअर-स्वयंपाकाचं रसायन

आमटीला उकळी फुटली की घरभर वास सुटतो. दारातून आत येणारा लगेच विचारतो, आज काय बेत आहे? पण घरभर पसरलेला तो वास आमटीतून निघून गेलेला असतो. जो नाकापर्यंत आला, तो वाटीत येणार नाही. म्हणून तर कोथिंबीर उतरवताना भुरभुरायची आणि गरम मसाला गॅस बंद करायच्या बेताला घालायचा. बेल्जियममधल्या काही रेस्तराँनी हेच शहाणपण बिअरच्या बाबतीत इतकं बारकाईने वापरलं आहे, की त्यांच्या जेवणाकडे रसायनशास्त्राच्या अंगाने पाहण्याचा मोह आवरत नाही.

या देशाच्या पातेल्यात बिअर कशी आली, ते थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या बऱ्याच भागात द्राक्षं पिकतात, तिथे रश्शात वाइन पडते. बेल्जियमच्या थंड, ओलसर सपाटीवर गहू, सातू आणि बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉपचे वेल पिकत आले, म्हणून तिथे बिअर पडते. १९१९ साली एमिल व्हांडरवेल्ड या मंत्र्याच्या पुढाकाराने कॅफेंमध्ये कडक मद्य विकायला बंदी करणारा कायदा झाला. त्यामुळे जास्त ताकदीच्या, भरीव चवीच्या बिअरना गिऱ्हाईक वाढलं, असं मानलं जातं. स्वयंपाकाला याच बिअर सोयीच्या. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमची बिअर-संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. बिअर घालून केलेला स्वयंपाक हा त्या संस्कृतीचाच एक भाग.

फ्रान्सच्या सीमेला लागून, पोपेरिंगेच्या हॉप पिकवणाऱ्या पट्ट्यात वाटौ नावाचं गाव आहे. तिथलं हॉमेलहोफ हे रेस्तराँ स्टेफान कूतेन्ये या शेफने बिअर-स्वयंपाकासाठी नावारूपाला आणलं. ‘हॉमेल’ म्हणजे तिथल्या बोलीत हॉप. वसंताच्या तोंडाशी जमिनीखालून फुटणारे हॉपचे कोवळे कोंब तिथे मोठ्या आवडीने खाल्ले जातात. बहुधा लोण्याच्या सॉसबरोबर, वर उकडलेलं मऊ अंडं. कोंब एकेक करून हाताने खुडावे लागतात, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला ते फार महाग असतात. (२०२१ मध्ये बिहारमधल्या एका शेतात किलोला लाख रुपये भावाची हीच भाजी पिकल्याची बातमी आपल्याकडे सगळीकडे फिरली होती. पत्रकार पोचले, तेव्हा शेतात तसं पीकच नव्हतं.) गंमत म्हणजे हे कोंब कडू नसतात. हॉपचा कडूपणा वेलात नसून मादी फुलांच्या पाकळ्यांआड साठणाऱ्या पिवळ्या, चिकट भुकटीत असतो.

आणि बिअर-स्वयंपाकातली पहिली अडचण म्हणजे हाच कडूपणा.

बेल्जियमचा सगळ्यात ओळखीचा पदार्थ घेऊ. डच बोलणारे त्याला स्टोफ्व्लेस म्हणतात, फ्रेंच बोलणारे कार्बोनाद फ्लामांद. बीफचे मोठे तुकडे लोण्यात खरपूस परतायचे, भरपूर कांदा तांबूस होऊ द्यायचा, वर तपकिरी बिअर ओतायची, थाइम आणि तमालपत्र घालायचं. मग पावाच्या फोडीला मोहरी फासून ती फोड रश्शावर पालथी ठेवायची. दोन-तीन तास मंद आचेवर पाव विरघळून जातो आणि त्यातल्या स्टार्चने रस्सा दाट होतो. बरोबर बटाट्याचे फ्राइज.

या दोन-तीन तासांत बिअरचं काय होतं? तिचे दोन भाग पडतात. एक उडणारा, एक उरणारा.

उडणाऱ्या भागात बहुतेक सुगंध येतात. बेल्जियन बिअरमधल्या यीस्टची खासियत म्हणजे ते फळांचे वास तयार करतं. त्यातलं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे संयुग म्हणजे थेट पिकलेल्या केळ्याचा वास. काही यीस्ट ४-व्हिनाइलग्वायकॉल बनवतात, त्याचा वास लवंगेच्या जवळ जातो. हुगार्डन या गावात पियेर सेलिस यांनी बंद पडलेली पांढरी गव्हाची बिअर १९६६ साली पुन्हा सुरू केली. तिच्यात तर चक्क धणे आणि संत्र्याची साल असते. धण्याचा मुख्य सुगंध लिनालूल या संयुगाचा.

आता आयसोअमाइल अ‍ॅसिटेट १४२ अंश सेल्सियसला उकळतं आणि लिनालूल जवळजवळ १९८ अंशांना. रस्सा शंभराच्या वर जात नाही. मग हे सुगंध उडायला नकोत. पण उडतात, आणि झपाट्याने उडतात. याचं उत्तर सर्दी झाल्यावर आपण घेतो त्या वाफाऱ्यात आहे. निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक १७६ अंशांना उकळतो, तरी तो उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर नाकात शिरतो, कारण पाण्यात त्याला फारसा थारा नसतो. जे पाण्यात नीट विरघळत नाही, ते वाफेच्या पाठीवर बसून निघून जातं. केळं, धणे, हॉपच्या फुलांचा ताजा वास, सगळ्यांची गत तीच. म्हणजे महागडी, सुवासिक बिअर स्टोफ्व्लेसमध्ये तीन तास उकळली, तर जिच्यासाठी पैसे मोजले तीच गोष्ट स्वयंपाकघराच्या धुराड्यातून बाहेर जाते.

उरणाऱ्या भागात काय? न आंबलेल्या साखरा, प्रथिनांचे तुकडे, आम्लं, रंग आणि कडूपणा. हॉपमधली अल्फा आम्लं बिअर बनवताना उकळली की त्यांची रचना बदलते आणि ती आयसो-अल्फा आम्लं होतात. हाच बिअरचा कडूपणा, आणि तो वाफेबरोबर जात नाही. लिटरमध्ये साधारण २५ मिलिग्रॅम कडू द्रव्य असलेली सौम्य बिअर आटवून पाव लिटर केली, तर तेच प्रमाण लिटरला शंभराच्या घरात जातं. प्यायला जिचा कडवटपणा सुखद वाटत होता, तिचा रस्सा कारल्यासारखा होतो. घरी पहिल्यांदा बिअर घालून मटण करणाऱ्या पुष्कळांचा बेत इथेच फसतो. हाताशी असलेली कडक हॉपवाली बिअर ओतायची आणि आटवत बसायचं, यापेक्षा वाईट जोडी नाही.

बेल्जियन स्वयंपाकी यावर तीन उपाय करतात. बिअर निवडतानाच कमी हॉपची, माल्टची (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची) गोडी असलेली घेतात. रश्शात थोडी ब्राउन शुगर किंवा सफरचंद-नाशपातीचा आटवलेला पाक घालतात. आणि मीठ. सोडियममुळे कडूपणाची जाणीव दबते. कारल्याच्या चकत्यांना आपण मीठ लावून ठेवतो, त्याचा एक फायदा हाही आहे.

उरणाऱ्या भागातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे माल्टची खरपूस चव. मांस भाजताना जो खमंगपणा येतो, तो अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या मायार अभिक्रियेतून. ती जोमाने व्हायला तव्याची कोरडी, तीव्र उष्णता लागते. रश्शातल्या ओल्या शंभर अंशांत ती फार हळू चालते. पण बिअर येतानाच हे काम उरकून आलेली असते. सातू भिजवायचा, त्याला मोड आणायचे आणि मग भट्टीत वाळवायचा किंवा भाजायचा, म्हणजे माल्ट. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो आणि थालीपिठासाठी भाजणी करतो. या दोन्ही क्रिया एकाच धान्यावर केल्या, असं समजा. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थाला भाजल्याची चव देण्याचा हा सोपा मार्ग आहे.

मांस मऊ होण्यात बिअरचा वाटा थोडा आहे. खरं काम वेळ आणि उष्णता करतात. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन साठ-पासष्ट अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. बिअरचं आम्ल त्याला मदत करतं. साध्या बिअरचा सामू (pH; हा आकडा जितका लहान, तितकं आम्ल जास्त) चार ते साडेचारच्या आसपास, म्हणजे आम्लता वाइनपेक्षा कमी. म्हणून बऱ्याच घरी स्टोफ्व्लेसमध्ये चमचाभर व्हिनेगर पडतं.

पण एक बिअर अशी आहे, जिला व्हिनेगरची गरज नाही आणि जी फारशी कडूही होत नाही. ब्रसेल्सची लँबिक. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

ब्रसेल्सच्या आंदरलेख्त भागात १९०० साली स्थापन झालेली कांतियाँ ही ब्रुअरी आहे. तिथे थंडीच्या दिवसांत गहू-सातूचा उकळलेला रस माळ्यावरच्या रुंद, उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. कुणी यीस्ट घालत नाही. थंड हवेत रस निवतो आणि वातावरणातले, लाकडातले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. मग पिंपात पाळ्या लागतात. आधी आतड्यातल्या जिवाणूंचे भाईबंद, मग मद्य बनवणारं नेहमीचं यीस्ट, मग दुधाचं आम्ल बनवणारे पेडिओकॉकस, आणि शेवटी महिनोन्महिने सावकाश काम करणारं ब्रेटॅनोमायसिस. या यीस्टचं नाव ब्रिटिश बुरशी या अर्थाचं आहे, कारण १९०४ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी ते इंग्लिश बिअरमध्ये ओळखलं. लँबिकमधल्या त्याच्या भावंडाला पुढे ब्रसेल्सचंच नाव मिळालं, ब्रेटॅनोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस. इडलीच्या पिठातही जिवाणूंच्या अशाच पाळ्या लागतात, पण तिथे सगळं एका रात्रीत आटोपतं. इथे एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली लँबिक एकत्र करून बाटलीत भरली की ग्योझ होते, आणि आंबट चेरी घालून मुरवली की क्रीक.

स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. लँबिकमध्ये हॉप घालतात ते मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने करून. नको ते जिवाणू आवरण्याची त्यांची ताकद बरीचशी टिकते, कडूपणा मात्र कमी होतो. म्हणजे आम्लता वाइनसारखी, सामू साडेतीनच्या आसपास, आणि कडूपणा नगण्य. आटवली तरी घात करत नाही. ससा ग्योझमध्ये किंवा क्रीकमध्ये शिजवायची ब्रसेल्सची पद्धत मला म्हणूनच तर्कशुद्ध वाटते. ब्रसेल्समध्ये १७६२ सालापासूनचा वारसा सांगणारं ‘इन ट स्पिनेकोप्के’ हे रेस्तराँ लँबिकच्या अशाच पदार्थांसाठी ओळखलं गेलं. स्पिनेकोप्के म्हणजे कोळी, जाळं विणणारा. शिंपले ग्योझमध्ये शिजवतात तेव्हा तर हिशेबच वेगळा. झाकण ठेवून चार-पाच मिनिटं वाफ दिली की झालं. एवढ्या वेळात सगळं उडून जात नाही, त्यामुळे इथे चांगली बाटली फोडणं सार्थकी लागतं.

अल्कोहोलबद्दलही बोलायला हवं, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. ‘शिजवलं की सगळं उडून जातं’ हे खरं नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण ते पाण्यात पूर्ण मिसळलेलं असतं आणि पाण्याला धरून राहतं. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार पदार्थात घालून पंधरा मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक असतं, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के. पेटवून ज्वाळा काढल्या तरी ७५ टक्के राहतं. दोन छोट्या बाटल्या, म्हणजे ६६० मिलिलिटर, ७ टक्क्यांची बिअर घातली तर सुरुवातीला ४६ मिलिलिटर अल्कोहोल आणि अडीच तासांनी दोन-सव्वादोन. चौघांत वाटलं तर थेंबांचा हिशेब, पण शून्य नाही. धर्मामुळे, औषधांमुळे किंवा व्यसन सोडलेलं असल्यामुळे जे टाळतात, त्यांना हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. शिंपल्यांच्या रश्शात तर ते बरंच जास्त असणार.

आता पेला. जे पातेल्यातून उडालं, ते परत आणायचा सरळ मार्ग म्हणजे तीच बिअर थंड करून शेजारी ठेवणं. या रेस्तराँमध्ये पदार्थात घातलेली बिअर पुष्कळदा पेल्यातही येते. घासात तिचा उरलेला भाग, घोटात उडणारा, आणि तोंडात दोघांची भेट. काही स्वयंपाकी रस्सा उतरवताना त्यात ताज्या बिअरचा हलका शिडकावा करतात. आपल्या कोथिंबिरीचंच हे भावंड.

पेल्यातल्या बुडबुड्यांचंही काम असतं. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बॉनिक अनहायड्रेज ४ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल बनवतं आणि मेंदूला झणका कळतो, हे २००९ साली दाखवून दिलं गेलं. हिमालयात जाणारे आपल्याकडचे ट्रेकर उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेतात. ते याच कुटुंबातली विकरं रोखतं, म्हणून गोळी चालू असताना सोडा मिळमिळीत लागतो. लोणी आणि फ्राइजने मंद झालेल्या जिभेला हा झणका जागं करतो.

कोणत्या पदार्थाशी कोणती बिअर, याचे तक्ते बरेच मिळतात. त्यामागे एक कल्पना असते की समान सुगंध-रेणू असलेले पदार्थ जुळतात. शिमेच्या ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठाचं, बिअरने धुतलेल्या सालीचं चीज शिमेच्याच बिअरबरोबर खाल्लं तर ती पटते. पण तो नियम नव्हे. आयआयटी जोधपूरच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अडीच हजारांवर भारतीय पाककृती तपासल्या, तेव्हा उलटंच चित्र दिसलं: आपले पदार्थ समान रेणू टाळून एकत्र येतात आणि त्यात मसाल्यांचा वाटा मोठा. चवीचं गणित सुटायला अजून वेळ आहे. ल्यूव्हेन विद्यापीठातल्या गटाने २०२४ मध्ये २५० बेल्जियन बिअरची दोनशेहून अधिक रासायनिक मोजमापं, प्रशिक्षित चाखणाऱ्यांची मतं आणि १,८०,००० ऑनलाइन अभिप्राय संगणकापुढे ठेवले. कोणती बिअर लोकांना आवडेल, याचा अंदाज त्याला बऱ्यापैकी बांधता आला. ताटातल्या घासासकट तो बांधणं मात्र कितीतरी अवघड.

शेवटी गोड. क्रीक किंवा ग्योझ घालून सॅबायाँ करतात. अंड्याचं पिवळं, साखर आणि बिअर उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात सतत फेटायचं, पण उकळू द्यायचं नाही. सत्तरच्या पुढे प्रथिनं घट्ट व्हायला लागतात आणि फेस धरतो. चेरीचा वास त्या फेसाच्या लाखो बुडबुड्यांत अडकतो. पातेल्यातून उडणारं पकडून ठेवणारा हा एकच पदार्थ मला माहीत आहे, आणि तोही थोडाच वेळ. फेस बसायला लागतो तसा वास सुटतो. म्हणून स्वयंपाकी तो आधी करून ठेवत नाही. तुम्ही टेबलाशी बसलेले असता, आतून फेटण्याचा आवाज येत असतो, आणि पेला समोर येतो तेव्हा काच अजून कोमट असते.