पिल्लाची तहान
कुत्र्याच्या पिल्लाचे पाणी पिणे वय, आहार, हवा आणि प्रकृतीप्रमाणे कमीजास्त होते. ठोकताळे आहेत, पण पिल्लाच्या रोजच्या सवयीत आज काय फरक पडला, हे पाहणे जास्त कामाचे.

पहिले तीन आठवडे आईचे दूध हेच पाणी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लू उथळ ताटलीत तोंड घालते, नाकात पाणी जाऊन शिंकते आणि हळूहळू जीभ मागे वळवून लपलप प्यायला शिकते. दूध सुटल्यावर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १०० मिलिलिटर पाणी लागते. आहार बदलला की हे गणितही बदलते. दूध-भाकरीच्या काल्यात पाणी भरपूर असते. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. काल्यावरून दाण्यांवर आणलेले पिल्लू अचानक ताटली रिकामी करू लागते, तो आजार नव्हे.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. अंग थंड होते धापा टाकून, आणि त्यात पाणी खर्ची पडते. शेतातल्या आखाड्यावर उन्हात ठेवलेल्या जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) ताटातले पाणी दुपारी चटका देते, पिल्लू तोंड लावून मागे सरते. तेच पाणी कडुलिंबाच्या सावलीत मातीच्या परळात ठेवले तर पिते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. असल्या टंचाईत भांडी विसळलेले पाणी कुत्र्यापुढे सरकवले जाते. खारट, साबण मिसळलेले ते पाणी पिल्लाला देऊ नये. द्यायचे तेवढे थोडेच, पण पिण्याचे द्यावे.

गारव्यातही दोन-तीन दिवस किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल आणि लघवी वाढली असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडाचा जन्मजात दोष, यकृताचा विकार किंवा स्टेरॉइडचा परिणाम असू शकतो. घरात लघवी करते म्हणून पाणी तोडणे ही मोठी चूक आहे.

त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे पाणी पिणे सुटणे. पिल्लू ताटलीपर्यंत जाते, मान खाली घालून उभे राहते, पण पीत नाही. पोटात मळमळत असल्याची ही खूण. सोबत उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची हागवण असेल तर पार्व्हो या विषाणूच्या रोगाची शंका घ्यावी. हा रोग सहा आठवडे ते सहा महिन्यांच्या पिल्लांना जास्त गाठतो. हिरडी बोटाने दाबून सोडावी: दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही किंवा हिरडी चिकट लागली, तर त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठावा. जबरदस्तीने चमच्याने पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. दवाखान्यात पाणी पिणे कधीपासून सुटले, उलट्या किती झाल्या, शेवटची लघवी केव्हा झाली, हे सांगावे.

‘पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो’ हा समज घातक आहे. पाण्याची धास्ती हे रेबीज झालेल्या माणसाचे लक्षण. रेबीज झालेला कुत्रा पाण्याला भीत नाही; पुढे बहुधा घशाचे स्नायू लुळे पडल्याने त्याला गिळता येत नाही. म्हणून पाणी पिते यावरून पिल्लू निरोगी ठरवता येत नाही. जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर घशात हाड अडकले म्हणून तोंडात हात घालू नये.