मुंबई हाय नॉर्थची आग आणि राइजरचा जुना प्रश्न

२६ जुलै २००५ ला मुंबई पाण्याखाली गेली. दुसऱ्याच दिवशी, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, ओएनजीसीचा समुद्रातून तेल-वायू काढणारा मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म पेटला आणि दोनेक तासांत कोसळला. २२ जणांचा जीव गेला, ३६२ जण वाचले. महापुराच्या आठवणींत या माणसांची आठवण फारशी निघत नाही, याचं वाईट वाटतं.

'समुद्र सुरक्षा' या जहाजावर स्वयंपाक्याच्या बोटांना दुखापत झाली होती. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला क्रेनच्या बास्केटमधून प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाची क्रेन बंद होती, त्यामुळे जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आलं. लाटेने उचललं आणि त्याचा हेलिडेक (हेलिकॉप्टर उतरण्याचा मंच) प्लॅटफॉर्मच्या राइजरवर, म्हणजे गॅसच्या उभ्या पाइपवर आदळला. गॅस सुटला, पेटला. जहाज सोडून सगळे निघाले तेव्हा सहा पाणबुडे आतल्या दाबाच्या चेंबरमध्येच अडकले होते. दाब हळूहळू उतरवल्याशिवाय त्यांना बाहेर येता येत नव्हतं. त्यांची सुटका ३६ तासांनी झाली.

राइजर म्हणजे समुद्रतळावरच्या पाइपलाइनचा प्लॅटफॉर्मवर चढणारा उभा भाग. आणीबाणीत बंद होणारा व्हॉल्व्ह त्याच्या वरच्या टोकाला असतो. पाइप त्याच्या खाली फुटला, तर व्हॉल्व्ह बंद होऊनही काही उपयोग नाही: कित्येक किलोमीटर लाइनमध्ये साठलेला गॅस आगीला मिळत राहतो.

हे तेव्हाही नवीन नव्हतं. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या ब्रिटिश तेल प्लॅटफॉर्मवर पहिला स्फोट कंडेन्सेटच्या (गॅसमधून वेगळं होणाऱ्या हलक्या द्रव इंधनाच्या) पंपाजवळच्या गळतीमुळे झाला, पण होत्याचं नव्हतं केलं ते शेजारच्या प्लॅटफॉर्मना जोडणाऱ्या गॅस लाइन्स एकामागून एक फुटल्या तेव्हा. १६७ माणसं गेली. टार्टन आणि क्लेमोर या शेजाऱ्यांचं उत्पादन तर आग दिसत असतानाही लगेच थांबलं नव्हतं. ब्रिटनने १९८९ मध्येच राइजरवर आणीबाणीचे व्हॉल्व्ह सक्तीचे केले, आणि या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालातल्या सर्व १०६ शिफारशी स्वीकारल्या.

मुंबई हायला व्हॉल्व्ह होते. राइजरला संरक्षक कठडेही होते, पण ते लहान पुरवठा बोटींचा धक्का गृहीत धरून बसवलेले. एवढं मोठं जहाज इतक्या जवळ येऊ द्यायचं का, हे आधीच ठरायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम भारतात २००८ मध्ये आले आणि त्यांची देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे गेली.