सलाईन म्हणजे ताकदीची बाटली नाही हो

"जुलाब लागलेत, नुसतं ओआरएस काय देताय, एक सलाईन लावा ना" हे किती वर्षं चाललंय कुणास ठाऊक, आणि ज्यांच्या खिशात पैसे नसतात तेच लोक उसने काढून बाटली लावून घेतात, हे जास्त खटकतं.

नॉर्मल सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी सगळं पाणी, कॅलरी शून्य. 5 टक्के डेक्स्ट्रोजवाली असेल तर 25 ग्रॅम साखर, बस. तरतरी येते ती शरीरातलं पाणी भरून निघाल्यामुळे आणि ते काम ओआरएस, म्हणजे ग्लुकोज-मिठाच्या पुडीचं पाणी, पण करतं, कारण ग्लुकोज आणि सोडियम सोबत असले की जुलाब चालू असतानाही आतडं ते शोषून घेतं आणि मागोमाग पाणी आत जातं.

1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये हेच ओआरएसचं पाणी भरून ठेवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं!

मग सलाईन लागते कधी? पेशंट गुंगीत असेल, पिताच येत नसेल, पोटात काहीच टिकत नसेल तेव्हा, आणि तेव्हा मात्र अजिबात थांबू नका, थेट दवाखाना गाठा. बाकी वेळी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी टाकायची, अंदाजे अर्धी-पाव नाही. लहान बाळाचं अंगावरचं दूधही बंद करायचं नाही.