कुष्ठरोग हा देवाचा शाप नाही

विदर्भातल्या खेड्यांत, ख्रिस्ती घरांतही, अजून ऐकू येतं: कुष्ठरोग म्हणजे पापाची शिक्षा, बायबलातच लिहिलंय. नीट वाचा. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या 13 आणि 14 व्या अध्यायांत ज्याला कुष्ठरोग समजलं जातं, तो चट्टा कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही पडतो. आजचा कुष्ठरोग भिंतीला होत नाही. तो नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधलेल्या जंतूमुळे होतो. लागणीनंतर लक्षणं दिसायला सरासरी 5 वर्षं जातात, मग कोणत्या पापाशी सांगड घालणार? आणि मत्तय 8 मध्ये येशूनं कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, हे सांगायचं नेमकं राहतं. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर प्रार्थना जरूर करा. पण लगेच आशाताईंना दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, 6 किंवा 12 महिने घेतल्या की रोग बरा होतो.