फिलिपिनो आणि जपानी: कानाला बहिणी, व्याकरणाला अनोळखी

बोलता बोलता शब्द आठवेना की जपानी माणूस "आनोऽऽ" करून लांबण लावतो, आणि फिलिपिनो माणूसही अडखळला की "आनो"च म्हणतो, आपण नाही का "ते हे... आपलं..." करत बसतो, तसंच. पण जपानीतलं आनो मुळात "तो तिकडचा" या अर्थाचं आणि फिलिपिनोतलं "काय?" या अर्थाचं, म्हणजे काम एक पण घराणं वेगळं. असंच दुसरं म्हणजे जपानी दानदान आणि फिलिपिनो दाहान-दाहान, दोन्हीचा अर्थ साधारण हळूहळू. यातलं जपानी "दान" हे चिनीतून आलेलं, पायरी या अर्थाचं, त्यामुळे हाही निव्वळ योगायोग.

अशी गंमत होते कारण दोन्ही भाषांत बरेचसे शब्द एक व्यंजन-एक स्वर, एक व्यंजन-एक स्वर असे मोकळे मोकळे चालतात. अशा मोजक्या आवाजांच्या साच्यात हजारो शब्द बसवले की काही एकमेकांवर आदळणारच. नीट ऐकलं तर फरक कळतो, फिलिपिनोत शब्दाच्या सुरुवातीलाच ङ येतो (ङायोन म्हणजे आता) आणि शेवटी क, त, प असं काहीही चालतं, जपानीत शेवटी फक्त न.

पण खरा फरक क्रियापदात आहे, आणि माझ्या मते या दोन भाषांची तुलना करायची तर तिथूनच सुरू करावी. फिलिपिनो म्हणजे टागालोग या तिथल्याच भाषेच्या पायावर उभी असलेली फिलिपिन्सची राष्ट्रभाषा, आणि तिच्यात क्रियापद सहसा सगळ्यात आधी येतं. बिली म्हणजे विकत घेणं. आता "आईने मासे घेतले" यात तुम्हाला कोणाबद्दल बोलायचंय ते आधी ठरवा. आईबद्दल असेल तर बुमिली, म्हणजे शब्दाच्या पोटातच "उम" घुसवायचा. माशांबद्दल असेल तर बिनिली, पोटात "इन". जिच्याकडून घेतले त्या कोळणीबद्दल असेल तर बिनिल्हान, आणि ज्या पोराकरता घेतले त्याच्याबद्दल असेल तर इबिनिली. आई, मासे, कोळीण, पोरगा, सगळे तेच, घटनाही तीच, फक्त "आंग" हा छोटा शब्द ज्याच्या आधी लागतो तो वाक्याचा नायक, आणि क्रियापद त्याच्या तालावर आपला आकार बदलतं. आपल्याकडे याची थोडीशी झलक भूतकाळात दिसते, आईने मासा घेतला पण आईने मासळी घेतली, म्हणजे क्रियापद आईला सोडून माशाच्या मागे जातं. फिलिपिनोची ही व्यवस्था नक्की कोणत्या खात्यात टाकायची यावर भाषाशास्त्रज्ञ कित्येक दशकं भांडतायत आणि अजून दमलेले नाहीत.

जपानीत यातलं काहीच नाही. ओकासान गा इचिबा दे साकाना ओ कात्ता. ओकासान गा म्हणजे आईने, इचिबा दे म्हणजे बाजारात, साकाना ओ म्हणजे मासा, कात्ता म्हणजे घेतला. आईने बाजारात मासा घेतला! शब्दांचा क्रम जागचा हलवावा लागत नाही, नामाला मागून चिकटणारे गा, दे, ओ हे आपल्या प्रत्ययांसारखेच, आणि क्रियापद शेवटी. फक्त ते शेवटचं क्रियापद कधी कधी आगगाडी होतं: ताबेसासेरारेताकुनाकात्ता, म्हणजे "मला जबरदस्तीने खायला लावलेलं नको होतं", एका शब्दात. सगळे डबे मागून जोडलेले, पोटात काही घुसवायची पद्धत नाही.

एका बाबतीत मात्र मराठी माणूस फिलिपिनोच्या बाजूला जाऊन बसतो. तायो म्हणजे आपण (तू धरून), कामी म्हणजे आम्ही (तुला सोडून). इंग्रजी बोलणाऱ्याला हे शिकताना घाम फुटतो, आपल्याला काहीच वाटत नाही. जपानीत हा भेद नाही, वाताशीताची म्हटलं की ऐकणारा आत की बाहेर हे संदर्भावरून समजून घ्यायचं.

मग या भाषांचं नातं काही आहे का? नातं शोधायचं तर एकट्या-दुकट्या शब्दाने भागत नाही, आवाजाचा बदल पुन्हा पुन्हा तसाच दिसावा लागतो. फिलिपिनोत चार म्हणजे आपात आणि विस्तव म्हणजे आपोय. तिकडे आफ्रिकेजवळच्या मादागास्करच्या मालागासी भाषेत चार म्हणजे एफात्रा आणि विस्तव म्हणजे आफो. दोन्हीकडे प चा फ! पाच म्हणजे लिमा, मलायतही लिमा, आणि हवाईत लिमा म्हणजे हात (पाच बोटं, दुसरं काय). हे सगळं ऑस्ट्रोनेशियन नावाचं भाषाकुळ, बहुतेकांच्या मते तैवानमधून समुद्रमार्गे पसरलेलं. जपानीच्या मूळ आकड्यांचा हिशोबच वेगळा, त्यात काही ठिकाणी दुप्पट करताना फक्त स्वर बदलतो, मि तीन तर मु सहा, यो चार तर या आठ.

जपानीची पक्की नातेवाईक मंडळी म्हणजे ओकिनावाकडच्या र्‍युक्यू भाषा. बाकी प्रयत्न खूप झाले. रशियाचे भाषाशास्त्रज्ञ येवगेनी पोलिवानोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानीत ऑस्ट्रोनेशियन अंश असल्याचं सुचवलं, पुढे जपानी भाषाशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी तर थेट तमिळशी सोयरीक जुळवली, पण बहुतेक अभ्यासकांना ती पटली नाही.

देवाणघेवाण झाली ती फार नंतरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फिलिपिन्समधल्या दावावच्या अबाका (दोरखंडाचा धागा देणारं केळीसारखं झाड) मळ्यांत हजारो जपानी कामाला आले, मग १९४२ ते १९४५ जपानी लष्कराचा ताबा, त्या काळात शाळांतून जपानी शिकवलीसुद्धा. एवढं होऊन फिलिपिनोत टिकलेले शब्द मोजकेच, तेही घरगुती. डासांच्या कॉइलला कातोल म्हणतात, ते जपानी कातोरी सेन्कोवरून. बाटलीच्या पत्र्याच्या बुचाला तानसान, कारण त्या नावाचं जपानी सोडावॉटर तिथे यायचं. आणि दगड-कागद-कात्री खेळताना पोरं अजूनही "जाक एन पोय" ओरडतात, म्हणजे जपानी पोरांचं जान-केन-पोन.