ओकारिना: सूर सांभाळणारं मडकं

बडोद्याच्या आमच्या दांडिया बाजारातल्या हौशी बैठकीत कुणीतरी ओकारिना, म्हणजे मातीचं पोकळ फुंकवाद्य, आणलं आणि बासरीवाल्या काकांनी ते हातात घेताच जोरात फुंकलं. सूर नुसता चढला आणि भलतीकडे गेला. "अहो, हिला तार सप्तकच नाही?" काका वैतागले. गायक मौलाबक्षांच्या 1886 सालच्या गायनशाळेचं हे गाव. इथे बेसूरपणाला सूट नाही.

काकांचा प्रश्न मात्र नेमका होता. बासरी ही नळी; जोरात फुंकली की वरच्या, म्हणजे तार सप्तकात जाते. तिच्यात भोक कुठे आहे, यावर सूर ठरतो. ओकारिना म्हणजे तोंडं असलेलं बंद मडकं. आतली सगळी हवा एकदम स्प्रिंगसारखी दबते-फुगते, म्हणून नुसत्या जोराने वरचं सप्तक लागत नाही. जितकी भोकं उघडाल, तितका सूर वर. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचं गणित मांडलं. त्यात भोक कुठे आहे याला जवळजवळ किंमत नाही. ते केवढं आहे, याला आहे. एक सप्तक चढायचं तर उघड्या भोकांची एकूण मोकळी जागा साधारण चौपट हवी, म्हणून दहा-बारा भोकांच्या ओकारिनेची धाव दीड सप्तकाच्या आसपास संपते.

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या काळापासून मातीच्या अशा शिट्ट्या आहेत. पण इटलीतल्या बोलोन्याजवळच्या बुद्रिओ गावी 1853 साली जुझेप्पे दोनाती या सतरा वर्षांच्या पोराने त्यांना नीट स्वरात बसवलं. पुढे तिथे लहानमोठ्या ओकारिनांचे वाद्यवृंदच उभे राहिले. 1960 च्या दशकात जॉन टेलर या इंग्रज गणितीने कमाल केली: वेगवेगळ्या मापांची फक्त चार भोकं. उघड-झाकीच्या सोळा जुळण्या होतात, त्यांत सप्तकातले बाराही स्वर बसतात!

ताना हिच्यावर विसराव्यात. अभंग मात्र सुरेख वाजतो, कारण बोट हळूहळू सरकवलं की भोकाची मोकळी जागाही हळूहळू वाढते आणि मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात अलगद घसरणं, आपसूक येते. फुंकर तेवढी खाली हलकी, वर जोरकस ठेवायची.

घरी बनवणाऱ्यांची खरी परीक्षा भट्टीत. वाळताना आणि भाजताना माती समजा सगळीकडून दहा टक्के आटली, तर ओल्या मातीत लावलेला सा जवळजवळ रे होऊन बाहेर येतो. म्हणून ओल्या मातीत सूर मुद्दाम उतरा ठेवतात. भाजल्यावर भोक कानशीने मोठं करून सूर चढवता येतो. उतरवायचा तर मेण लावत बसा.