चालत्या भाराखालील कंपने (तुळया व पूल)

तुळईवर भार अलगद ठेवला, तर ती ठरावीक वाकते आणि तशीच राहते. तोच भार वेगाने तिच्यावरून गेला, की ती वर-खाली हलू लागते आणि भार उतरल्यावरही काही वेळ हलत राहते. स्थिर भारापेक्षा वाक किती वाढतो, हा या विषयातला पहिला प्रश्न. पण तो पुरेसा नाही, कारण पुलाला खरा धोका नुसत्या वेगापेक्षा एकामागून एक येणाऱ्या धक्क्यांच्या ठेक्याचा असतो.

या अभ्यासाला चालना मिळाली ती एका अपघाताने. २४ मे १८४७ रोजी इंग्लंडमध्ये चेस्टर येथे डी नदीवरचा, रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी आखलेला ओतीव लोखंडी रेल्वेपूल गाडीखाली मोडला. पाच जण दगावले. त्यानंतर नेमलेल्या शाही आयोगासाठी रॉबर्ट विलिस यांनी लोखंडी पट्ट्यांवरून वजन लादलेला गाडा सोडून प्रयोग केले. वेगाबरोबर वाक बराच वाढताना दिसला. खऱ्या पुलांवर मात्र ही वाढ थोडीच भरली. १८४९ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तुळईचे स्वतःचे वस्तुमान नगण्य धरून याचे गणित सोडवले. पुढे क्रिलोव्ह व टिमोशेंको यांनी तुळईचे वस्तुमान हिशेबात घेऊन एकसमान वेगाने सरकणाऱ्या बलाचा विचार केला.

साध्या टेकूंवरच्या तुळईची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपणहून सेकंदाला किती वेळा वर-खाली हलते ते, तिचा ताठपणा, दर मीटरचे वस्तुमान आणि गाळ्याची लांबी (दोन टेकूंमधले अंतर) यांवर ठरते. गाळा दुप्पट केला आणि बाकी सारे तेच ठेवले, तर वारंवारता चौथाईवर येते. एकच बल तुळईच्या अर्ध्या कंपनाच्या वेळात गाळा पार करते, तो त्याचा क्रांतिक वेग; तो म्हणजे वारंवारता आणि गाळा यांच्या गुणाकाराची दुप्पट. गाळा २४ मीटर आणि वारंवारता सेकंदाला ४ कंपने असेल, तर हा वेग ताशी सुमारे ६९० किलोमीटर येतो. इतक्या वेगाने पुलावरून गाडी जात नाही. (अवमंदन, म्हणजे कंपन हळूहळू शमवणारा विरोध, नसलेल्या तुळईत एका बलाने होणारा वाक फार तर स्थिर वाकाच्या पावणेदोन पटींपर्यंत जातो, तोही क्रांतिक वेगाच्या साठ टक्क्यांच्या आसपास.)

आता त्याच पुलावर २५ मीटर लांबीच्या डब्यांची गाडी आणा. ताशी ३६० किलोमीटर वेगाला दर सेकंदाला चार डबे येतात. प्रत्येक डब्याच्या चाकांचा धक्का नेमका पुलाच्या झोक्यावर पडतो आणि कंपन डब्यागणिक चढत जाते. हाच अनुनाद. त्याला लगाम घालते ते अवमंदन, पण पोलादी पुलांत ते फारच कमी असते. म्हणून अतिवेगवान रेल्वेच्या पुलांसाठी केवळ आघात गुणांकाने (हलत्या भाराच्या धक्क्यासाठी धरलेल्या ठरावीक पटीने) स्थिर भार वाढवून भागत नाही. गाडीचा प्रत्येक आस (चाकांच्या जोडीचा दांडा) धरून पूर्ण गतिकीय विश्लेषण करावे लागते. फ्रान्समधल्या पॅरिस–लियाँ अतिवेगवान रेल्वेमार्गावर काही छोट्या पुलांवरची रुळांखालची खडी अशा कंपनांनी ढिली झाली होती. त्यामुळेच पूल-रचनेच्या युरोपीय संहितेत रुळांखाली खडी असलेल्या पुलाच्या पाटाचे (वरच्या सपाट भागाचे) उभे त्वरण ३.५ मीटर प्रति वर्ग सेकंदाच्या आत ठेवावे लागते.

पादचारी पुलांवर भार हलका, पण चालण्याचा ठेका सेकंदाला सुमारे दोन पावलांचा. आडव्या दिशेने त्याच्या निम्मा, कारण डावे-उजवे पाऊल आळीपाळीने ढकलते. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि गर्दीत आडवा डोलू लागला. तोल सावरण्यासाठी लोक पुलाच्याच लयीत पाय टाकू लागले, तसा तो आणखी डोलला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. कंपने शमवणारे अवमंदक बसवून २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.